सूट मिळाली, 'बहुता' कोण राखणार?

चिकित्सेच्या चतुष्पादांमध्ये भिषकानंतर लगेच द्रव्याचे स्थान आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चरकाचार्यांनी द्रव्याचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत पहिला मान 'बहुता' या गुणाला आहे. द्रव्य योजनेस योग्य असावे, त्यापासून अनेक कल्पना सिद्ध करता याव्यात, ते स्वगुणांनी संपन्न असावे, या तीन गुणांची चर्चा आपल्या परिसंवादांत व चर्चासत्रांत वारंवार होते. बहुतेविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही. द्रव्य विपुल आहेच, ते अरण्यात आहे आणि व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवली की पोत्यात भरून आपल्या दारी येते, असे गृहीत धरूनच आपला व्यवसाय चालत आला आहे. हे गृहीतक आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

तसे वाटण्याचे निमित्त एका संसदीय समितीच्या कामाचे आहे. जैवविविधता कायद्याच्या दुरुस्तीचा या समितीने विचार केला, त्यातून नवा कायदा झाला आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना एक महत्त्वाची सूट मिळाली. आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत या साऱ्या प्रक्रियेतून एकच वाक्य पोहोचले: 'वैद्यांना कायद्यातून वगळले.' आनंद झाला, अभिनंदनाचे संदेश फिरले आणि विषय मिटला. परंतु सूट मिळाल्याने द्रव्य वाढत नाही. सूट कशातून मिळाली, कोणी मागितली आणि तिच्यासोबत आपण काय मागायचे राहून गेलो, याचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

कायद्याची वाटचाल

मूळ जैवविविधता विधेयक मे २००० मध्ये संसदेत मांडले गेले. ते विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण व वने या विषयांच्या स्थायी समितीकडे छाननीसाठी सोपविण्यात आले. समितीचा अहवाल आल्यावर डिसेंबर २००२ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि फेब्रुवारी २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने त्रिस्तरीय रचना उभी केली. चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, प्रत्येक राज्यात राज्य मंडळ (आपल्या राज्याचे मंडळ नागपूर येथे आहे) आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती. या रचनेमागील तत्त्व साधे होते. जो जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग करतो, त्याने आधी राज्य मंडळाला कळवावे आणि मिळालेल्या लाभाचा काही अंश ती संपत्ती राखणाऱ्या स्थानिक लोकांना द्यावा.

वैद्य-हकिमांना या कायद्याने पहिल्या दिवसापासून वगळले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही. कलम ७ मध्ये स्थानिक लोक, उत्पादक शेतकरी आणि देशी वैद्यक करणारे वैद्य व हकीम यांना पूर्वसूचनेची अट लागू नव्हती. संदिग्धता होती ती अन्यत्र. पदवीधर, नोंदणीकृत आयुर्वेद व्यावसायिक या 'वैद्य' शब्दात येतो की नाही? स्वतःची लहान औषधशाळा चालविणारा वैद्य 'वैद्य' मानायचा की 'उत्पादक'? २०१४ मध्ये लाभवाटपाचे विनियम आले आणि हे प्रश्न तीव्र झाले. वार्षिक विक्री १ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ०.१ टक्के, १ ते ३ कोटींपर्यंत ०.२ टक्के आणि त्यापुढे ०.५ टक्के अशी आकारणी त्यात होती. १ कोटीच्या विक्रीवर ही रक्कम १० हजार रुपये होते. रकमेपेक्षा भीती मोठी होती, कारण उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद मूळ कायद्यात होती.

२१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निर्णय दिला आणि लाभवाटपाचे दायित्व भारतीय कंपन्यांवरही आहे, ते केवळ परदेशी कंपन्यांपुरते नाही, असे स्पष्ट केले. यानंतर उद्योगाकडून कायदा सौम्य करण्याची मागणी जोर धरू लागली. १६ डिसेंबर २०२१ रोजी दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि काही दिवसांतच ते संयुक्त समितीकडे गेले.

समिती कोणती, याला महत्त्व का?

इथे एक बाब नोंदवणे अगत्याचे आहे. मूळ विधेयक ज्या स्थायी समितीने तपासले होते, तिच्याकडे ही दुरुस्ती गेलीच नाही. त्या वेळी या स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश होते. हा विषय आपल्या समितीच्या कार्यकक्षेत येतो, असा आक्षेप त्यांनी जाहीरपणे नोंदविला. तरीही दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची स्वतंत्र संयुक्त समिती नेमली गेली. डॉ. संजय जायस्वाल तिचे अध्यक्ष होते. या समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवाल सादर केला. जुलै २०२३ मध्ये लोकसभेने व १ ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेने विधेयक मंजूर केले आणि १ एप्रिल २०२४ पासून दुरुस्त कायदा अमलात आला.

संयुक्त समिती नेमण्याचा संसदेला पूर्ण अधिकार आहे. त्या समितीने संबंधित घटकांची निवेदने मागविली, मंत्रालयांची साक्ष घेतली, कलमवार विचार केला. तिच्या कामाला कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. परंतु दोन प्रकारच्या समित्यांमधील भेद आपण समजून घ्यावयास हवा. संयुक्त समिती एका विधेयकापुरती असते. अहवाल सादर झाला की तिचे काम संपते. स्थायी समिती मात्र नावाप्रमाणे स्थायी असते. तिचे सदस्य ठरावीक काळाने बदलतात, परंतु विषय, कागदपत्रे आणि मागच्या शिफारशींचा हिशेब कायम राहतो. अर्थसंकल्प मांडला गेल्यावर मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या ती तपासते. तिच्या शिफारशींवर काय कार्यवाही केली याचे उत्तर मंत्रालयाने सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत द्यावयाचे असते, आणि त्या उत्तराचा विचार करून समिती पुन्हा अहवाल देते.

आपल्या संसदेत या पद्धतीची सुरुवातच पर्यावरणापासून झाली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९८९ मध्ये ज्या पहिल्या तीन विषय समित्या स्थापन झाल्या, त्या कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान, आणि पर्यावरण व वने या विषयांच्या होत्या. १९९३ मध्ये विभागवार स्थायी समित्यांची संपूर्ण व्यवस्था आली आणि २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात: लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १०.

वैद्यकाच्या भाषेत सांगावयाचे तर संयुक्त समिती ही एका व्याधीपुरती बोलावलेली तज्ज्ञांची बैठक आहे, आणि स्थायी समिती हा घरचा वैद्य आहे. पहिलीने दिलेले औषध लागू पडले की नाही, पथ्य पाळले गेले की नाही, हे पाहणारा दुसराच लागतो. जैवविविधता कायद्याच्या दुरुस्तीने वनस्पतींचे काय झाले, हे पुढील दहा वर्षे विचारीत राहण्याचे काम संयुक्त समिती करू शकत नाही, कारण ती आता अस्तित्वात नाही. ते काम स्थायी समितीचे आहे, आणि तिला प्रश्न पुरविण्याचे काम आपले आहे.

आपल्याला नेमके काय मिळाले?

दुरुस्त कलम ७ नुसार पूर्वसूचनेच्या अटीतून ज्यांना वगळले आहे त्यांत संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीखालील औषधी वनस्पती व त्यांची उत्पादने, स्थानिक लोक व उत्पादक, तसेच वैद्य, हकीम आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांचा समावेश आहे. मात्र व्यावसायिकांबाबत एक मर्यादा शब्दांतच आहे: उपजीविकेसाठी देशी वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरतीच ती सूट आहे. संहिताबद्ध ज्ञान म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांमधून आलेले ज्ञान. चरक, सुश्रुत, वाग्भटापासून शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकरापर्यंतचे आपले नित्य वापरातील ग्रंथ या अनुसूचीत आहेत. कारावासाची शिक्षा गेली आणि तिच्या जागी १ लाख ते ५० लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. उल्लंघन चालूच राहिल्यास अतिरिक्त दंडाची तरतूद आहे.

त्यापाठोपाठ २०२५ मध्ये लाभवाटपाचे नवे विनियम आले. त्यांनुसार वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असणाऱ्यांना काही द्यावे लागत नाही. ५ ते ५० कोटींपर्यंत ०.२ टक्के, ५० ते २५० कोटींपर्यंत ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के असे टप्पे आहेत. म्हणजे हे त्रैमासिक वाचणाऱ्या बहुसंख्य औषधशाळाचालकांचे या हिशेबातील दायित्व शून्य आहे.

ही सूट न्याय्य आहे का? माझ्या मते वैद्याच्या बाबतीत ती न्याय्यच आहे. रुग्ण तपासून, स्वतःच्या देखरेखीखाली दोन-चार किलो काढ्याची भरड करणाऱ्या वैद्याला मोठ्या कारखान्याच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होते. तुरुंगाच्या भीतीने कोणी वनस्पती राखल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. परंतु त्याच कलमात 'संहिताबद्ध ज्ञान' हे शब्दही आहेत, आणि त्यांचा लाभ लहान वैद्यापेक्षा मोठ्या उत्पादकाला अधिक होणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. च्यवनप्राश, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट हे सर्व संहिताबद्धच आहेत. ज्ञानाला सूट आहे, असे मान्य केले तरी त्या ज्ञानाच्या आधारे अरण्यातून उपटलेल्या मुळाला ती आपोआप लागू व्हावी का, हा प्रश्न शिल्लक राहतो. पाठ ग्रंथातला आहे. मूळ मात्र कुणाच्या तरी डोंगरातले आहे. ग्रंथ वापरल्याने झिजत नाही, डोंगर झिजतो. हा भेद समितीपुढे ठासून मांडण्याचा सर्वाधिक अधिकार वैद्यांचा होता. आपला आवाज मात्र मुख्यतः सुटीच्या मागणीपुरताच ऐकू गेला.

अरण्यात काय चालले आहे?

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने करून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मागणी-पुरवठ्याच्या अभ्यासानुसार देशात १,१७८ औषधी वनस्पती व्यापारात आहेत. त्यांपैकी २४२ वनस्पतींचा वार्षिक व्यापार प्रत्येकी १०० टनांहून अधिक आहे. २०१४-१५ या वर्षात काष्ठौषधींचा एकूण वापर अंदाजे ५ लाख १२ हजार टन होता. मोठ्या प्रमाणात व्यापार होणाऱ्या या वनस्पतींपैकी बहुसंख्य आजही अरण्यातूनच गोळा केल्या जातात. अश्वगंधा, शतावरी, तुळस, कोरफड शेतात घेता येते व घेतली जाते. परंतु अशोक, श्योनाक, पाटला, अग्निमंथ, बीजक या वृक्षांचे पीक एका हंगामात येत नाही. आज रोप लावणारा वैद्य कदाचित त्याची साल वापरणार नाही, त्याचा शिष्य वापरेल.

गुग्गुळाचे उदाहरण घ्या. झाडाला खोल चिरा पाडून, त्यांत रसायन भरून अधिक निर्यास काढण्याची रीत पडली. निर्यास मिळतो, झाड वाळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा वृक्ष अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. जटामांसी त्याच वर्गात आहे. कुटकी व जटामांसी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करारान्वये नियंत्रण आहे. आपल्या रोजच्या चिकित्सेतील योगराज गुग्गुळ व आरोग्यवर्धिनी यांच्यातील प्रधान द्रव्ये कोणती, हे आठवले की या यादीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सह्याद्रीतही चित्र वेगळे नाही. नरक्या या वृक्षाची कॅम्प्टोथेसिनसाठी तोड झाली. सप्तरंगीची मुळे कोकणातून पोत्यांनी गेली. दशमुळांतील बृहत्पंचमुळे ही वृक्षांची मुळे आहेत. मूळ काढणे म्हणजे वृक्ष संपविणे. म्हणूनच बाजारात मुळांऐवजी खोडाच्या सालीचा भरणा असतो, आणि तो ठाऊक असूनही आपण दशमूळ म्हणूनच बिल फाडतो व स्वीकारतो. वावडिंगाच्या नावाने येणारी फळे, दारुहळदीच्या नावाने येणारी दक्षिणेकडील वेलीची काष्ठे, अशोकसालीच्या नावाने येणारी खोट्या अशोकाची साल, हे सर्व प्रकार औषधशाळाचालकांना नवे नाहीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या लहान औषधशाळेत अशोकसालीची एक खेप आली. रंग व जाडी पाहून शंका आली, म्हणून सूक्ष्मदर्शकीय परीक्षणासाठी नमुना पाठविला. अहवालात ती खोट्या अशोकाची साल निघाली. व्यापाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने वाद घातला नाही. 'वैद्यराज, खरी साल हवी असेल तर झाड दाखवा, मी माणूस पाठवितो,' एवढेच तो म्हणाला. त्याच्या लबाडीचे समर्थन करण्याचे कारण नाही. ती खेप परत गेली व पुढे त्याच्याशी व्यवहारही राहिला नाही. पण त्याच्या त्या एका वाक्यात जी वस्तुस्थिती होती, ती कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा अधिक बोलकी होती. शेड्यूल टी प्रमाणे कारखाना स्वच्छ ठेवता येतो, यंत्रे बसविता येतात, नोंदी अद्ययावत राखता येतात. अरण्यातच नसलेले द्रव्य मात्र कोणत्याही परवान्याने निर्माण करता येत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे वर्णन आहे. वायू, उदक, देश व काल यांची विकृती होऊन जनपदे उद्ध्वस्त होण्यापूर्वीच, भूमी विरस होण्याआधी, औषधींचे ग्रहण करून ठेवावे, असा उपदेश पुनर्वसु आत्रेय तेथे शिष्यांना करतात. हा उपदेश साठा करण्याचा म्हणून आपण वाचतो. परंतु भूमी विरस झाली की तिच्यातील औषधीही विरस होते, हे त्यामागील तत्त्व आहे. देशाची काळजी वैद्यकाच्या बाहेरची मानण्याची मुभा संहितेने आपल्याला कधीच दिलेली नाही.

तीन दारांमध्ये अडकलेले द्रव्य

आता पुन्हा संसदेकडे वळू. अरण्यातील वनस्पती हा पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाचा विषय आहे. त्यावर पर्यावरणविषयक स्थायी समितीची नजर असते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आयुष मंत्रालयाखाली आहे आणि त्या मंत्रालयाचा विचार आरोग्य व कुटुंबकल्याण विषयाची समिती करते. लागवड हा कृषी समितीचा विषय. एकच अशोकवृक्ष अरण्यात असेपर्यंत एका समितीचा, रोपवाटिकेत दुसऱ्या समितीचा आणि अरिष्टात उतरल्यावर तिसऱ्या समितीचा होतो. तिघींच्या अहवालांत त्याचा एकत्र हिशेब लागावा, अशी सोय नाही. आरोग्याच्या समितीपुढे महाविद्यालये, रुग्णालये व संशोधन यांचा विचार मोठा, पर्यावरणाच्या समितीपुढे प्रदूषण, वाघ व हवामान यांचा विचार मोठा. औषधी वनस्पती दोन्हीकडे शेवटच्या पानावर राहण्याचा धोका आहे.

हा हिशेब कोणी तरी जोडून द्यावयास हवा. खासदार विविध क्षेत्रांतून आलेले असतात. दशमुळांत कोणते वृक्ष येतात, कुटकी कोणत्या उंचीवर होते, हे त्यांना ठाऊक असावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. समितीने एखादा विषय अभ्यासास घेतला की वृत्तपत्रांत जाहीर सूचना येते व निवेदने मागविली जातात. मुदत बहुधा काही आठवड्यांचीच असते. त्या काळात मसुदा करायला बसणाऱ्याचे निवेदन घोषणांचे होते. ज्याच्याकडे आधीच माहिती जमवलेली असते, त्याचेच निवेदन समितीच्या उपयोगी पडते.

काही जण म्हणतील, समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, मग हा खटाटोप कशासाठी? आक्षेप खरा आहे. परंतु मंत्रालयाला त्या शिफारशींवर लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर सभागृहाच्या नोंदीत राहते. अंगणात बोललेले वाऱ्यावर जाते, कागदावर आलेले पुढच्या पिढीला वापरता येते. दुसरा आक्षेप असा की पाच कोटींखालील आपण लहान माणसे, जबाबदारी मोठ्या कंपन्यांची. त्यांची जबाबदारी मोठी आहे, हे निःसंशय. पण द्रव्य दुर्मिळ झाले की आधी कोण मरते? मोठा उत्पादक वर्षभराचा साठा करू शकतो, शेतकऱ्यांशी करार करू शकतो, परदेशातून मागवू शकतो. बाजारातून पाच किलो घेणाऱ्या वैद्याच्या वाट्याला उरलेले व भेसळीचे येते. बहुता संपल्याचा पहिला फटका आपल्यालाच बसणार आहे, म्हणून पहिली हाकही आपलीच असावयास हवी.

करावयाचे काय?

आपल्या संघटनेपुढे व सर्व सभासदांपुढे चार सूचना ठेवीत आहे.

पहिली सूचना नोंदीची. प्रत्येक औषधशाळेने आपण वापरीत असलेल्या द्रव्यांपैकी किमान वीस द्रव्यांची नोंदवही ठेवावी: द्रव्य, अंग, वार्षिक लागणारे वजन, खरेदीचा भाव, मूळ प्रदेश आणि परीक्षणात नाकारलेल्या खेपा. व्यापाऱ्याकडून मूळ प्रदेश लेखी मागावा. सुरुवातीला तो मिळणार नाही. दहा ग्राहक मागू लागले की मिळू लागेल. जिल्हा शाखांनी या नोंदी नावे गाळून एकत्र केल्या, तर राज्यातील द्रव्यस्थितीचे जे चित्र तयार होईल, ते आज कोणत्याही कार्यालयात उपलब्ध नाही.

दुसरी सूचना उत्पत्तीच्या प्रमाणपत्राची. लागवडीच्या वनस्पतींना मिळालेल्या सुटीसाठी जैवविविधता व्यवस्थापन समितीचे प्रमाणपत्र हा आधार कायद्याने ठरविला आहे. याकडे कटकट म्हणून पाहू नये. शेतकऱ्याकडून प्रमाणपत्रासह घेतलेल्या शतावरीला थोडा अधिक भाव द्यावा लागला तरी तो द्यावा. त्यामुळे लागवड करणारा टिकेल आणि अरण्यातील शतावरीला उसंत मिळेल. त्याचबरोबर अरण्यातून ओरबाडलेला माल 'लागवडीचा' म्हणून खपविला जाणार नाही, यावर लक्ष ठेवणारे पहिले डोळे खरेदीदाराचेच असतात.

तिसरी सूचना गावातील समितीविषयी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिलेल्या मुदतीमुळे गेल्या दशकाच्या अखेरीस देशभर जैवविविधता समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या घाईने पूर्ण झाल्या. अनेक ठिकाणी त्या केवळ कपाटात आहेत. २००४ च्या नियमांनी स्थानिक वैद्य व त्यांच्या वापरातील जैविक संपत्तीची माहिती ठेवणे हे या समितीचे एक काम म्हणून सांगितले होते. आपण स्वतःहून ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन नोंदवही पाहण्यास मागावी, वनस्पतींची नावे तपासून द्यावीत. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात बाळहिरडा वेचणारी आदिवासी कुटुंबे असोत वा मेळघाट-गडचिरोलीतील बेहडा, बिबा, चारोळी गोळा करणारे असोत, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. द्रव्य कोणत्या ऋतूत, किती पक्व झाल्यावर, कोणते अंग घ्यावे हे कल्पस्थानातील ज्ञान आपल्याकडे आहे; झाड कुठे आहे व किती उरले आहे हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ही दोन ज्ञाने एका ओट्यावर बसली पाहिजेत.

चौथी सूचना निवेदनाची. संघटनेने तीन-चार सभासदांचा एक स्थायी गट नेमावा. त्याने पर्यावरण, आरोग्य व कृषी या तिन्ही स्थायी समित्यांचे अहवाल नियमित वाचावेत आणि त्यांचा सारांश या त्रैमासिकात द्यावा. दरवर्षी अनुदानाच्या मागण्या तपासल्या जाण्यापूर्वी एक लहान, आकडेवारीसह निवेदन तिन्ही समित्यांच्या सचिवालयांना व आपल्या भागातील खासदारांना पाठवावे. त्यात पहिली मागणी सुटीची नसावी. अतिसंकटग्रस्त द्रव्यांच्या लागवडीवर किती खर्च झाला, किती रोपे जगली, संहिताबद्ध ज्ञानाच्या सुटीनंतर लाभवाटपाच्या निधीत किती घट झाली व तो निधी गावापर्यंत किती पोहोचला, हे प्रश्न असावेत. मोठ्या उत्पादकांनी अरण्यातून घेतलेल्या मुळांच्या व सालींच्या बदल्यात काय लावले, हाही प्रश्न असावा.

आजवर आपल्या व्यवसायाने शासनाकडे जे मागितले ते बहुतांशी स्वतःसाठी मागितले: अधिकार, वेतन, मान्यता, सूट. त्यांतील पुष्कळसे मागणे रास्तही होते. परंतु जो समाज वैद्याला सूट देतो, त्याची वैद्याकडून काही अपेक्षाही असते. कायद्याने आपल्याला पूर्वसूचनेच्या अटीतून मुक्त केले आहे. वनस्पतींच्या वतीने पूर्वसूचना देण्याच्या कर्तव्यातून मात्र कोणत्याही समितीने आपल्याला मुक्त केलेले नाही. अर्थसंकल्पापूर्वी आपले पहिले निवेदन तयार व्हावयाचे असेल, तर नोंदवहीचे पहिले पान याच महिन्यात लिहावे लागेल. सभासदांनी आपापल्या वीस द्रव्यांची यादी जिल्हा शाखेकडे पाठवावी, ही नम्र विनंती.